मीच तो राउटर!

सायबर सुरक्षेवर परिसंवाद झडतात, पासवर्डात एक चिन्ह, एक आकडा हवा म्हणून आपला जीव खातात. आणि खाली, लोकल नेटवर्कवर, कारभार अजून चाळीचाच. एका यंत्राला शेजारच्याचा आयपी पत्ता ठाऊक असतो, पण त्याच्या नेटवर्क कार्डावरचा ४८ बिटांचा हार्डवेअर पत्ता नसतो. मग ते जिन्यात उभं राहून ओरडतं, "१९२.१६८.१.५ कोण आहे हो? १९२.१६८.१.२ ला कळवा!" ऐकतात सगळेच; ज्याचं नाव असेल त्यानं ओ द्यायची.

ओ देणाऱ्याचं ओळखपत्र? छे, असलं काही मागणं या पुकाऱ्याच्या, म्हणजे एआरपीच्या, रीतीत बसत नाही. डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२मध्ये या रीतीचा मूळ दस्तऐवज, आरएफसी ८२६, लिहिला; त्यात खऱ्याखोट्याची शहानिशा करण्याची सोयच नाही. त्यामुळे एखादा आगाऊ लॅपटॉप न विचारताच पुकारतो, "मीच तो राउटर!" आणि बाकीची यंत्रं निमूटपणे आपल्या तक्त्यात तशी नोंद करतात. मग तुमची सगळी टपाल त्याच्या हातून जाते. (अशी आगंतुक घोषणा कधीकधी रीतसरही असते; बंद पडलेल्या सर्व्हरची जागा दुसरा घेतो तेव्हा. म्हणजे चोर आणि साव एकाच आवाजात बोलतात.)

महागड्या स्विचमध्ये या खोटारडेपणावर उतारा असतो. तो चालू करावा लागतो, हीच काय ती अडचण.

तोवर 'arp -a' ही आज्ञा देऊन आपल्या यंत्राचा तक्ता बघा. राउटरच्या आणि भलत्याच आयपीसमोर एकच हार्डवेअर पत्ता दिसला, तर आधी वायफाय बंद करा.