सेटिंगवाले काका

ठाण्याचा नौपाडा घ्या, डोंबिवलीचं टिळकनगर घ्या नाहीतर कल्याणचा पारनाका. सोसायटीत डॉक्टर नसेल, वकील नसेल, पण एक सेटिंगवाले काका असतातच. साठी ओलांडलेली, नोकरीतून निवृत्त, शर्टाच्या खिशात पेन आणि पेन ड्राइव्ह. ‘तुम्ही कॉम्प्युटर दुरुस्त करता ना?’ असं विचारलं की दुखावतात. दुरुस्ती काय, लॅमिंग्टन रोडवरची पोरंही करतात. काका सेटिंग करतात.

त्यांचे मोसम दोन. पहिला जुलैचा, आयकर विवरणाचा. नवं पोर्टल २०२१ साली येईपर्यंत अनेकांना विवरणाची एक्सएमएल फाइल करून चढवावी लागे आणि काका घरोघरी मानाने बोलावले जात. मग एक्सएमएल जाऊन जेसन आला. काकांनी आयकर खात्याला एक वेळ कर माफ केला असता, पण हे नाही.

आधारने मात्र त्यांची लाज राखली. ऑफलाइन केवायसीसाठी मिळणारी आधारची फाइल अजून एक्सएमएलच असते, झिपमध्ये बांधलेली, चार अक्षरी शेअर कोडने कुलूपबंद. तळमजल्यावरच्या वहिनींनी ती उत्साहाने ब्राउझरमध्ये उघडली, तर वर सूचना: या फाइलीला सजावटीची काही माहिती जोडलेली नाही. खाली नाव, पत्ता आणि मग पडदाभर इंग्रजी अक्षरांचा खच.
“काका, हे काय हो?”
“तो तुमचा फोटो.”
वहिनी बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत होत्या. “बरा आलाय,” म्हणाल्या.

खरा कस लागतो दुसऱ्या मोसमात. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची, त्याआधी हिशोब छापायचे, आणि सोसायटीचा हिशोबाचा प्रोग्राम असतो कोणे एके काळी कोणाच्या तरी भाच्याने लिहून दिलेला. तो सभासदांची खाती एक्सएमएलमध्ये काढतो आणि शेजारी दुसरी एक फाइल ठेवतो, एक्सएसएल नावाची. पहिलीत नुसते आकडे. ते रकान्यांत कसे मांडायचे हे दुसरीत. दोघींची गाठ ब्राउझरने घालून द्यायची. एक्सएमएल १९९८ची, ही मांडणीची विद्या, एक्सएसएलटी, १९९९ची. इंटरनेट एक्सप्लोररच्या राज्यात पिवळ्या पट्टीवर एक टिचकी मारली की काम व्हायचं. क्रोममध्ये त्याच फाइलीवर दोनदा क्लिक केलं की पांढरं शुभ्र पान येतं. सेक्रेटरींना वाटतं, थकबाकी संपली.

कारण काका सांगतात, आणि ते बरोबर सांगतात. डाउनलोड केलेली एखादी लबाड फाइल त्याच फोल्डरमधल्या दुसऱ्या फाइली वाचून बाहेर पाठवू शकते, म्हणून ब्राउझरने घरच्या फाइलींना एकमेकींकडे बघायलाच बंदी केली. फायरफॉक्सने हे दार जुलै २०१९मध्ये, ६८व्या आवृत्तीत लावलं. क्रोमने त्याच्या कितीतरी आधी. “म्हणजे,” काका म्हणतात, “एकाच मजल्यावर राहायचं आणि शेजारी काय शिजतंय ते विचारायचं नाही. डोंबिवलीत चालेल का हे?”

चालत नाही, म्हणून ते दार उघडतात. क्रोमच्या शॉर्टकटची प्रॉपर्टी काढायची, टार्गेटच्या शेवटी एक जागा सोडून फाइलींना परवानगी देणारी लांबलचक सूचना जोडायची. ही सूचना काकांना तोंडपाठ, आणि ते ती पुटपुटतातही. पण ती लागू व्हायला आधी चालू असलेलं क्रोम बंद व्हावं लागतं.
“सगळं बंद करा.”
“केलं.”
“सगळं म्हणजे सगळं. हे काय, मागे चालूच आहे.”
मागे मुलीचा परीक्षेचा अर्धा भरलेला फॉर्म असतो, विजेचं बिल असतं, गावच्या जमिनीचा सातबारा असतो आणि मे महिन्यापासून उघडी असलेली एक आमटीची कृती. एकेक टॅब मिटताना घरात सुतकी शांतता पसरते.

फायरफॉक्स त्यांना जास्त प्रिय, कारण तिथे आतल्या सेटिंगमध्ये शिरताना धोक्याची पाटी लागते. पूर्वी त्या पाटीखालच्या बटणावर ‘मी जपून वागेन, शप्पथ’ अशा अर्थाचं वाक्य असे. काका ते दाबण्यापूर्वी चष्मा काढून पुसत. आता नुसतं ‘धोका मान्य आहे’ असतं. त्यात मजा नाही, असं त्यांचं मत आहे, आणि माझंही.

फोनवरही सेवा मिळते. फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जात तेव्हाची गोष्ट. काका ठाण्याहून गाडीत, सेक्रेटरी डोंबिवलीत संगणकासमोर. “आता जी खिडकी येईल तिथे यस मुळीच…” इतकं झालं आणि बोगदा. सेक्रेटरी माउसवर बोट ठेवून श्वास रोखून बसले. मुळीच दाबू नका, की मुळीच घाबरू नका?

गेल्या सभेच्या आधी खजिनदारांचा इंजिनिअरिंगचा मुलगा मध्ये पडला. काळ्या खिडकीत पायथॉनची एक ओळ टाइप केली, त्याच फोल्डरचा छोटा सर्व्हर सुरू झाला, लोकलहोस्ट आठ हजारवर सगळी खाती रकान्यांत नीट दिसली. एकही दार उघडं टाकावं लागलं नाही, एकही टॅब मिटला नाही. काकांनी शेवटच्या पानापर्यंत तपासलं.
“दिसतंय,” ते म्हणाले. “पण हे सेटिंग नाही.”

उघडलेली दारं नंतर कोण बंद करतं, हा प्रश्न त्यांना विचारायचा नसतो. आमच्या इमारतीतल्या निम्म्या संगणकांवर ‘क्रोम एक्सएमएल फायनल नवीन’ नावाचं चित्र आहे, आणि मंडळी त्यातूनच बँकेचे व्यवहारही करतात.

एक्सएसएलटीच क्रोममधून काढून टाकायचं गूगलने २०२५मध्ये जाहीर केलं. मला वाटलं, काका खचतील. संध्याकाळी फडके रोडवर भेटले ते पिशवीतली भाजी सावरत, चेहऱ्यावर तेज.
“ऐकलंत ना? आता अपडेट थांबवायला हवं. त्याचं एक सेटिंग आहे. रविवारी येतो. सगळे टॅब बंद करून ठेवा.”