लाल बत्ती

जुन्या डिझेल जीपला विजेची खरी गरज पडते ती फक्त सुरू होताना. एकदा हीटर तापला, स्टार्टर फिरला, इंजिनाने धूर सोडला की पुढे ठिणगी-बिणगी काही लागत नाही. बंद करायलासुद्धा चावी पुरत नाही, डॅशबोर्डखालची नॉब ओढावी लागते. म्हणून अशा गाडीचं चार्जिंग बंद पडलं तरी ती कुरकुरत नाही. आपण जालना रोडवरून ऐटीत चाललेले असतो आणि बॅटरी गुपचूप रिकामी होत असते.

माझी गाडी महिंद्राची एमएम ५४०. प्यूजोचं २११२ सीसीचं इंजिन, फोर व्हील ड्राइव्हचा वेगळा दांडा आणि काचांच्या जागी ताडपत्री. दुसऱ्या महायुद्धातल्या मूळ विलीसचं सहा व्होल्टवर भागायचं, आणि नाहीच जमलं तर पुढून हँडल मारायची सोय होती. माझ्या गाडीला बारा व्होल्ट लागतात आणि हँडलच्या जागी माणसं लागतात.

छत्रपती संभाजीनगरात माणसांना तोटा नाही. फक्त धक्का मारायला येणारा प्रत्येक जण निदान सोबत घेऊन येतो. वीज मंडळातून निवृत्त झालेले शेजारचे काका म्हणाले, "बॅटरी गेली. लिहून घ्या." वॉचमनच्या मते डायनामो. (अल्टरनेटर येऊन जमाना झाला, पण आपल्याकडे तो अजून डायनामोच.) इस्त्रीवाला म्हणाला, "विकून टाका साहेब." बॅटरीच्या दुकानदाराने तर बॉनेट न उघडताच नव्या बॅटरीचं वॉरंटी कार्ड पुढे केलं. मीटर लावून बघू या, असं मात्र एकालाही वाटलं नाही. मोजायला यंत्र लागतं. मत द्यायला, जो खांदा धक्का देतो तोच उडवला तरी चालतो.

तोवर मी शहरातल्या उतारांचा अभ्यासक झालो होतो. सेव्हन हिल्स एवढं डोंगराळ नाव असलेल्या ठिकाणी उतार काय तो उड्डाणपुलाचा, आणि तिथे गाडी लावता येत नाही.

पावसाळ्यात म्हैसमाळला न जाणारा माणूस आमच्या शहरात संशयास्पद ठरतो, म्हणून आम्हीही गेलो. परतताना मेव्हण्यांनी हौसेने स्टिअरिंग घेतलं. धुकं होतं म्हणून हेडलाइट, पाऊस होता म्हणून वायपर, आणि मेव्हणे होते म्हणून हॉर्न. दोन हेडलाइटच आठ-दहा अँपिअर ओढतात. ते भरून काढणारा कुणी नसला तर बॅटरीचा साठा किती पुरणार? तरी डिझेल इंजिन चालूच राहिलं असतं. पण दौलताबादला रस्ता तटबंदीतल्या जुन्या दरवाजातून जातो, आणि नेमकं त्या दरवाजात मेव्हण्यांनी घाईने क्लच सोडला. इंजिन बंद. चावी फिरवली तर स्टार्टर नुसता 'टक्' म्हणाला. देवगिरीचा किल्ला शत्रूची वाट अडवायला बांधलेला. त्या संध्याकाळी त्याने आमच्या मदतीने वेरूळकडून येणाऱ्या एसटी अडवल्या. किल्ला बघायला आलेल्या लोकांनी धक्का मारला. त्यातल्या दोघांनी बॅटरी बदलायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मोंढा नाक्याजवळच्या एका उस्तादांकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. चावी अर्धी फिरवली आणि डॅशबोर्डकडे बघत विचारलं, "साब, ये लाल बत्ती कब से नै जलरी?"

"कधीच लागत नाही!" मेव्हणे अभिमानाने म्हणाले. "म्हणजे चार्जिंग एकदम ओके."

उस्ताद गालात हसले. या गाडीत ती बत्ती नुसती चुगली करायला बसवलेली नाही. चावी फिरवली की तिच्यातूनच थोडासा करंट अल्टरनेटरच्या रोटरला मिळतो, रोटर चुंबक बनतो आणि मग वीज तयार व्हायला लागते. बल्ब उडाला की अल्टरनेटर फिरतो, पण जागा होत नाही. कधीमधी जोरात रेस केल्यावर होतोही, त्यामुळे दुखणं आणखी फसवं. मंत्र्यांच्या गाड्यांवरची लाल बत्ती सरकारने १ मे २०१७ पासून उतरवली. माझ्या जीपने त्या निर्णयाची राजाज्ञेविनाच अंमलबजावणी केली होती.

चार्जिंग तपासायला मेव्हणे चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायला निघाले, तेव्हा उस्ताद पहिल्यांदा ओरडले, "नक्को! डायोड उडते!" जुन्या डायनामोच्या काळात ही युक्ती खपून जायची. मग त्यांनी मीटर लावला. गाडी बंद असताना ११.९ व्होल्ट, चालू असतानाही ११.९. नखाएवढा बल्ब बदलला, काटा १३.६ वर. उस्तादांना हेही कमी वाटलं. एक टोक अल्टरनेटरच्या अंगाला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, तर मधल्या मधे अर्धा व्होल्ट गळत होता. अर्थिंगची पट्टी काढली. खाली गंज, गंजाखाली कुणीतरी हौसेने मारलेला ऑलिव्ह ग्रीन रंग. पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, बोल्ट आवळला. १४.१.

बॅटरी तीच आहे. काकांना ते अजून पटलेलं नाही.

तुमच्याकडे अशी जुनी जीप असेल तर चावी फिरवल्यावर लाल बत्ती लागते का, हे आधी बघा. लागली पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझली पाहिजे. नवी बॅटरी घेण्याआधी मीटर घ्या. आणि दौलताबादच्या दरवाजातून जाताना स्टिअरिंग मेव्हण्यांच्या हाती देऊ नका.