पंपाला किती?

चारठाण्यात कुणाच्या कपाशीवर मावा पडला, तुडतुडे आले, की तो माणूस एक पान खिशात घालून सोनूच्या पप्पांकडे येतो. पप्पांचं कृषी सेवा केंद्र आहे. पान उलटं करून बघायचं, फळीवरची बाटली काढायची आणि समोरच्यानं "पंपाला किती?" विचारायच्या आत मिलीमध्ये आकडा सांगायचा, ही त्यांची ख्याती. वर एक दम: "दोन औषधं एका पंपात मिसळायची नाईत. पान करपलं तर माझ्याकडं यायचं नाई."

हाच माणूस घरात चार महिन्यांच्या सोनूपुढे उभा राहिला की त्याच्या तोंडून एकच वाक्य निघतं, "काहून रडायलंय?"

उत्तर द्यायला घर टपलेलंच असतं. मे महिना, पारा ४२च्या वर. पप्पांची आई म्हणते, "अरे, मोठ्या माणसाचा घसा वाळायलाय, लेकराला चमचाभर पाणी पाजलं तर काय होतंय?" आशाताई म्हणतात, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, त्या दुधाच्या १०० भागांत ८७-८८ भाग पाणीच असतं. मंठ्याहून आलेल्या सासूबाईंना मधाचं बोट चाटवायचं असतं. पुण्याचे साडू फोनवर ओरडतात की वर्षाच्या आत मध म्हणजे बोटुलिझमला आवतण. पप्पा चौघांनाही मनापासून "बरोबर आहे" म्हणतात. लबाडी नाही त्यांच्यात. जो शेवटी बोलला तो त्यांना खरंच पटलेला असतो, पुढचा बोलेपर्यंत.

म्हणून त्यांनी वही घातली. दुकानाच्या उधारीच्या वहीसारखीच, लाल पाठीची. तारीख, कोण म्हणालं, काय म्हणालं आणि मात्रा. इथंच गाडी अडली. आई सहाणेवर गुटी उगाळत होती: मुरडशेंगीचे दोन वेढे, हळकुंडाचा एक, जायफळाचा अर्धा. पप्पा पेन घेऊन शेजारी बसले.

"आई, एक वेढा म्हणजे किती मिली?"

"तुला पाजला तवा मोजला नव्हता," आई म्हणाली आणि एकदा त्यांच्याकडे नीट बघून पुढचा वेढा जरा जपूनच दिला.

चौदाव्या आठवड्याची पेंटाव्हॅलंटची सुई झाली त्या रात्रीची गोष्ट. अंग तापेल, एक-दोन दिवसांत उतरेल, असं आरोग्य केंद्रात सिस्टरनं सांगितलं होतं. पप्पांनी ते वहीत लिहिलंही होतं. पण रात्री अंग कोमट लागलं आणि त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. आईच्या सांगण्यावरून टाळू तेलानं भरली. सासूबाईंच्या सांगण्यावरून खिडकी लावली. साडूंच्या सांगण्यावरून उघडली. शेजारच्या काकूंनी मीठमोहरीनं दृष्ट काढली. एका पंपात दोन औषधं मिसळू न देणाऱ्या माणसानं एका रात्रीत एवढ्याशा लेकरावर सगळं दुकान फवारलं. सकाळी ताप उतरला. श्रेय चार जणांत वाटलं गेलं. सिस्टरचं नाव कुणाला आठवलं नाही.

मी त्यांना फार हसत नाही. शहाण्यांचंही असंच होतं. अमेरिकेतल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक १९४६ साली आलं नि घरोघर गेलं. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी तान्ह्याला पालथं निजवायला सांगितलं. १९९४ मध्ये त्याच देशात मोहीम निघाली, उताणंच निजवा. आणि आमच्या गावाचं काय सांगावं? शेकडो वर्षं एका जागी उभ्या असलेल्या दगडी कोरीव स्तंभाला कुणी दीपमाळ म्हणतं, कुणी विजयस्तंभ, कुणी मानस्तंभ. जो हलत नाही, रडत नाही, त्याच्यावर एकमत होईना. तर सोनूवर कुठून व्हायचं?

या सगळ्यात सोनूची आई काय म्हणते? काहीच नाही. पदराआड लेकरू घेऊन ती सगळ्यांचं ऐकते, मान हलवते. पप्पांच्या आईनं उकळून, गाळून, निववून दिलेली पाण्याची वाटी "पाजते हं" म्हणत घेते आणि अंगणात जाते. दिवसातून चारदा. वाटी रिकामी बघून आजीचा जीव थंड होतो, सोनूचं वजन आशाताईंच्या काट्यावर नीट वाढतं, आणि दोघीही आपापल्या जागी खूश.

परवा एक शेतकरी कपाशीच्या बियाण्याची चौकशी करायला दुकान बंद बघून घरीच आला. अंगणात थबकला. गावातल्या तुळशी उन्हानं काड्या झालेल्या. ही मात्र वृंदावनाबाहेर फुटलेली, हिरवीगार.

"दादा, बियाण्याचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "हिला काय टाकता? पंपाला किती?"

पप्पांनी तुळशीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. ती पटकन आत गेली. मग त्यांनी वही काढली आणि पानं उलटायला लागले.