हयातीचा हिशेब

1 जानेवारी 2004 पूर्वी केंद्र सरकारच्या चाकरीत रुजू झालेल्या, आणि आता साठीच्या उंबरठ्यावर येऊन ठेपलेल्या मंडळींत एक विशिष्ट जातीचा गृहस्थ हमखास आढळतो. दुसऱ्यांच्या रजांचे, भत्त्यांचे आणि वसुलीचे हिशेब उभा जन्म निर्विकार चित्ताने तपासलेला हा हिशेबनीस, स्वतःच्या निवृत्तिवेतनाचा 40 टक्क्यांपर्यंतचा अंश विकून रक्कम एकदम घ्यावी, की सारे वेतन अखंड ठेवून दरमहा स्वीकारावे, या प्रश्नापाशी येताच अंकगणित, वैद्यक आणि ज्योतिष या तिन्ही शास्त्रांना एकाच वेळी शरण जातो.

अंकगणित सरळ आहे. निवृत्तिवेतन 50,000 रुपये असेल, तर 20,000 रुपयांचा अंश विकता येतो. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यास सरकारी तक्त्यातील 8.194 हा गुणक लावून वर्षाचा हिशेब केला, की 19,66,560 रुपये पदरात पडतात, आणि पुढे 15 वर्षे दरमहा 20,000 रुपयांची कपात सोसल्यावर वेतन पूर्ववत होते. व्याज बाजूस ठेवले, तर सुमारे सव्वाआठ वर्षांत घेतलेली रक्कम फिटते, आणि त्यापुढची कपात ही निव्वळ जिवंत राहिल्याबद्दलची सजा ठरते. उलट मध्येच देहावसान झाले, तर उरलेल्या वसुलीवर सरकार पाणी सोडते आणि पत्नीच्या कुटुंब-निवृत्तिवेतनास या कपातीचा स्पर्शही होत नाही. तात्पर्य, लवकर मेल्यास नफा आणि दीर्घायुषी झाल्यास तोटा, अशा भयंकर निष्कर्षाप्रत आमचा गृहस्थ येऊन पोचतो.

मग वंशावळीची छाननी सुरू होते. वडील एकाहत्तराव्या वर्षी निवर्तले, ही बाब विक्रीच्या खाती जमा. आजोळची पणजी चौऱ्याण्णव वर्षे जगली, ही नावे. डॉक्टरांनी प्रकृती ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला, की याचा चेहरा पडतो, कारण सारा ताळेबंद नव्याने मांडावा लागतो. आणि ज्योतिषाने पंचाऐंशीची हमी दिली, की दक्षिणा देताना याचा हात आखडतो.

रक्कम घेतलीच, तर गुंतवावी कोठे, हे दुसरे प्रकरण. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, पण पाच वर्षांनी पुन्हा विचार करावा लागणार, या भीतीने तो आयुर्विमा महामंडळाच्या वर्षासनाकडे वळतो. तेथे मूळ रक्कम वारसांना परत हवी असेल तर हप्ता कमी, नको असेल तर जास्त, हे कळताच वारसांविषयीचे त्याचे प्रेम दर तासाला बदलू लागते. मासिक उत्पन्न विकून आलेल्या पैशांतून पुन्हा मासिक उत्पन्नच विकत घेण्याचा हा द्राविडी प्राणायाम निवृत्तीच्या आदल्या आठवड्यापर्यंत चालतो. अखेर पत्नी विचारते, “अहो, घराचं कर्ज फेडायचंय, की नुसतं मरण मोजत बसायचंय?” आणि त्याच सायंकाळी अर्जावर सही होते.

या जातीच्या सर्व गृहस्थांना आमचे सांगणे एवढेच, की डोक्यावर कर्ज असेल तर रक्कम घ्यावी, आणि कर्ज नसून घराण्यात दीर्घायुष्य असेल तर वेतन अखंड ठेवावे. निर्णय कोणताही होवो, दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला मात्र बिनचूक द्यावा. कारण मनुष्य जिवंत आहे, ही गोष्ट केवळ त्याच्या सांगण्यावरून सरकार मान्य करीत नाही.