ओहमकाका

आमच्या इमारतीत गिझर बिघडला की वायरमन येतो, आणि त्याच्या आधी ओहमकाका येतात. बोलावणं लागत नाही. खिशात मल्टिमीटर, काखेत वही आणि तोंडात एकच प्रश्न, "किती वॉटचा?"

"माहीत नाही हो," म्हटलं की पोराची इयत्ता न सांगता येणाऱ्या बापाकडे बघावं तसे ते आपल्याकडे बघतात. मग स्वतःच स्टुलावर चढून गिझरवरची पट्टी वाचतात. "2000 भागिले 230. आले 8.7 अँपिअर. आता 230 ला 8.7 ने भागा. साधारण साडेसव्वीस ओहम. बघू, कॉइल काय म्हणतेय." कॉइल साडेसव्वीसच म्हणते. "ठणठणीत आहे!" असं जाहीर करून काका चहाला बसतात. पाणी गारच असतं. नंतर वायरमन येऊन थर्मोस्टॅट बदलतो.

काकांची उभी हयात बँकेत गेली. दोन रुपयांचा फरक सापडेपर्यंत घरी न जाणारा माणूस. व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॉट या चारांतले दोन कळले की उरलेले दोन आपोआप निघतात, असं सुख त्यांना खतावणीनेही कधी दिलं नव्हतं. एका रात्री व्होल्टेज 180 वर आलं. लोक मंद पंख्यांखाली बोटं मोडत होते आणि काका जिन्यात आनंदाने सांगत होते, "व्होल्टेज पावभरही पडलेलं नाही, पण तुमचा 2000 चा गिझर सव्वाबाराशेवर आलाय. वर्ग होतो ना!"

त्यांचं दैवत गेओर्ग ओहम. कोलोनच्या शाळेत शिकवणाऱ्या या मास्तराने 1827 साली आपला नियम पुस्तकात मांडला, तेव्हा त्याच्याच देशात त्याला फारशी कुणी भीक घातली नाही. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिलं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये काकांचा ठराव पडला की ते या रॉयल सोसायटीची आठवण काढतात.

मग देवघरातल्या जुन्या पिवळ्या बल्बने घात केला. काचेवर 60 वॉट छापलेलं; काकांनी तो काढून मोजला तर 66 ओहम. म्हणजे साडेतीन अँपिअर. म्हणजे 800 वॉट! "साठ सांगून आठशे खातोय!" त्या रात्री देवाला निरांजनावर भागवावं लागलं. सकाळी आयटीआयचा वायरमन पोरगा म्हणाला, "काका, बल्ब गार होता. पेटल्यावर टंगस्टनचा रेझिस्टन्स बारा-तेरा पट वाढतो. 880 धरून भागा." भागलं. बरोब्बर 60 आले.

तेव्हापासून वहीत 'गार' आणि 'गरम' असे दोन रकाने आहेत आणि काकांकडे एक क्लॅम्प मीटर. शिवाय एक एक्स्टेंशन बोर्ड, ज्याच्या वायरीतून फेजची तार वेगळी काढलेली. दोन्ही तारा एकत्र चिमट्यात धरल्या तर मीटर शून्य दाखवतो. हा सरंजाम घेऊन ते संध्याकाळी दारोदार हिंडतात. "इस्त्री तापवा जरा, करंट बघायचाय." इस्त्रीतलं नायक्रोम तापूनही फारसं बदलत नाही, हे त्यांना पहिल्याच घरी कळलं. पण एका इस्त्रीवरून निष्कर्ष काढणं त्यांना पटत नाही. आणि इस्त्री नुसतीच तापवणं म्हणजे युनिट वाया, म्हणून येताना ते आपले दोन शर्टही घेऊन येतात.