मागच्या बाकावरचा सलामीवीर

पीटीच्या तासाला संघ पाडताना ज्याला शेवटपर्यंत कुणी घेत नाही, आणि घेतलंच तर 'कच्चा लिंबू' म्हणून झाडाखाली उभं करतात, तोच मुलगा नागरिकशास्त्राच्या तासाला भारताची सलामी देत असतो. त्याच्या क्रिकेटला मैदान लागत नाही, बॅट लागत नाही, आणि पळावं तर मुळीच लागत नाही. लागतं फक्त एक पाठ्यपुस्तक. ते वाचायचंही असतं, हे विसरता आलं की खेळाडू तयार.

बुक क्रिकेट तसं सोपं. न बघता पुस्तक उघडायचं आणि डाव्या पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक पाहायचा. दोन, चार, सहा आले तर तेवढ्या धावा. शून्य आलं की दांडी गुल. डाव्या पानावर नेहमी सम आकडा, त्यामुळे एकेरी धाव पळायची सोयच नाही. मग आठ आला की एक धाव, असा तोडगा पोरांनी काढला. काही वर्गांत आठाला नो बॉल देतात. त्यामुळे 'अ' आणि 'ब' तुकडीचा सामना ठरला, की निम्मी मधली सुट्टी आठावर भांडण्यातच जाते.

खऱ्या क्रिकेटचे नियम 1788 पासून लंडनची एमसीसी सांभाळते. आमचा सलामीवीर एकटाच एमसीसी. आकडा नसलेलं प्रस्तावनेचं पान उघडलं की डेड बॉल. दोन पानं एकदम चिकटून आली की बॉल परत. बाई बाकांमधून फिरायला लागल्या की पावसामुळे खेळ थांबला. आणि आपल्या सचिनला शून्य आलं, तर तो ट्राय बॉल होता!

खेळपट्टीचं ज्ञान तर विचारू नका. भूगोलाचं पुस्तक पातळ, तिथे बॉलरला मदत. इतिहासाचं जाड, तिथे जपून खेळावं. गणिताच्या गाइडवर कसोटी सामना. त्या गाइडच्या आत काय आहे हे मात्र त्याला ठाऊक नसतं. सरासरी काढायचं उदाहरण फळ्यावर घातलं की तो छताकडे बघतो. वहीच्या मागच्या पानावर मात्र सगळ्या फलंदाजांची सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत बिनचूक मांडलेली असते.

हिशेबाने पाहिलं तर पाच अंकांत एक शून्य, म्हणजे दर पाच चेंडूंमागे साधारण एक गडी जायला हवा. पन्नासेक चेंडूंत अख्खा संघ तंबूत. याचा सचिन मात्र सत्तर चेंडू खेळून नाबाद! विचारलं तर म्हणतो, "टायमिंग." खरं टायमिंग पुस्तकाच्या पाठीत असतं. आदल्या रात्री सेहेचाळिसाव्या पानावर त्याने ते असं दाबून मोडलेलं असतं, की कसंही उघडा, षटकारच. पाटा खेळपट्टी म्हणतात ती हीच.

1988 साली हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अभेद्य भागीदारी केली. त्यांना ती उन्हात, समोरून येणारा खराखुरा चेंडू खेळून करावी लागली. नुसते षटकार मारले तरी तेवढ्या धावांना 111 षटकार लागतात. आमच्या सलामीवीराने तो विक्रम विज्ञानाच्या एका तासात मागे टाकला. दोन्ही टोकांना तोच, बॉलर तोच, अंपायरही तोच.

तरी त्याला लबाड म्हणू नये. मैदानावर ज्याला कधी बॅटच मिळाली नाही, त्याने स्वतःचं मैदान दप्तरात घालून आणलं, एवढाच त्याचा गुन्हा. पालकांना मात्र एक सांगणं आहे. चिरंजीवांचं इतिहासाचं पुस्तक मधोमध मोडलेलं दिसलं, तर अभ्यास जोरात चाललाय असं समजून पाहुण्यांना सांगत बसू नका. आधी ते पान कितवं आहे ते बघा.