कमिशनला तुकडेबंदी लावा

भाच्याचा पहिला व्यवहार परवा बसला. बीडच्या बायपासजवळचा प्लॉट, किंमत 9 लाख, दोन टक्के म्हणजे 18 हजार. ताईने देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी भाचा घरी आला तेव्हा त्याच्या खिशात 1 हजार 40 रुपये होते. ते दोनदा मोजून त्याने मला विचारलं, "मामा, बाकीचे कुठं गेले?" हे मला विचारण्यात अर्थ नाही. मी वर्तमानपत्रात सदर लिहितो. बाकीचे माझ्याकडेही कधी आलेले नाहीत.

तरी हिशेब मांडला. वाटप रजिस्ट्री ऑफिससमोरच्या हॉटेलात झालं होतं, कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या झेरॉक्सच्या पाठीवर. तो कागद भाच्याने जपून आणला होता. पहिलीच ओळ : 'घरचेच आहेत, वजा 3000.' पार्टी घरची निघाली. पार्टी नेहमीच घरची निघते. प्लॉट दाखवेपर्यंत ती परकी असते, भाव करताना वैरी असते आणि रजिस्ट्रीचा अंगठा उठला की एकदम मावशीच्या नात्यात येते. उरले 15 हजार. त्यातले निम्मे शेठचे, कारण भाचा त्यांच्या हाताखाली 'शिकतो'. राहिलेल्या साडेसात हजारांत पाच जण : पार्टी आणणारा, पार्टी आणणाऱ्याला फोन करणारा, मालकाच्या मेहुण्याकडे शब्द टाकणारा, भाचा, आणि पाचव्या आकड्यापुढे नाव नव्हतंच. नुसतं लिहिलं होतं, 'बसलेले होते'. प्रत्येकी 1 हजार 500. हॉटेलचं बिल 460 झालं, ते भाच्याने दिलं. पहिला व्यवहार ना त्याचा.

"हे बसलेले कोण?" मी विचारलं.

"माहीत नाही, मामा. मी गेलो तेव्हा बसलेले होते."

"काही केलं त्यांनी?"

"दोनदा 'करून टाका' म्हणले."

तेव्हापासून मला झोप नाही. 'करून टाका' या दोन शब्दांचे दीड हजार, म्हणजे शब्दाला साडेसातशे. मराठीत इतका मोबदला आजवर कोणत्याही लेखकाला मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. भाच्याने त्या पार्टीला तेरा वेळा प्लॉट दाखवला. एकदा जोडीने, एकदा सासऱ्यांसोबत, एकदा वास्तू बघणाऱ्याला घेऊन, एकदा पावसात, पाणी साचतं का ते बघायला. साचत होतं. भाच्याने सांगितलं, "ही माती पाणी धरते, बोअरला चांगली." दर खेपेला पेट्रोल दीडशेचं, म्हणजे 1 हजार 950. कमाईपेक्षा पेट्रोलच जास्त. आणि या बसलेल्या गृहस्थांचं भांडवल काय, तर इस्त्रीचा शर्ट आणि खुर्ची, तीही हॉटेलची. मी मग मुद्दाम गेवराई, माजलगाव, केज इथल्या ओळखीच्यांना फोन लावून चौकशी केली. सगळीकडे रजिस्ट्री ऑफिससमोर हॉटेल आहे आणि सगळीकडे ते बसलेले आहेत. या धंद्याची भाषाच पाहा ना. बैठक बसते, भाव बसतो, व्यवहार बसतो. नाही बसला तर एजंट बसतो, घरी. उभा असतो तो एकटा नवा पोरगा, फक्कीच्या पांढऱ्या रेघांमध्ये, डोक्याला रुमाल बांधून, "इथून तीस फुटी रोड जाणार" असं हवेत हात करून सांगत.

म्हणून सरकारकडे माझी एक नम्र मागणी आहे. जमिनीचे फार बारीक तुकडे पडू नयेत म्हणून आपल्याकडे 1947 चा तुकडेबंदीचा कायदा आहे. अलीकडे, 2023 मध्ये, जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे ही मर्यादा ठरली. मग दोन टक्क्यांनी काय पाप केलं? त्याचे किती तुकडे पाडावेत याला काही प्रमाणभूत क्षेत्र नको? कमिशनचाही सातबारा निघाला पाहिजे. नमुना सातवर सात नावं आहेतच, पार्टी धरून. इतर हक्कात हॉटेलवाला. आणि नमुना बारावर पिकाच्या रकान्यात आमचा भाचा : पडीक.

कायदा नाही असं नाही. 2016 चा रेरा आहे, आणि एजंटावर त्याची चांगली नजर आहे. नोंदणीचे 10 हजार भरा, 20 तासांचं प्रशिक्षण घ्या, परीक्षा द्या. भाचा ती पहिल्या झटक्यात पास झाला. सहा वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्यावर पास झालेली ही त्याची पहिली परीक्षा, तेव्हाही ताईने साखर ठेवली होती. एकट्या नोंदणीचे 10 हजार वसूल व्हायला असले सात व्यवहार लागतील, ते पेट्रोल न टाकता. नोंदणीशिवाय प्रकल्पातला प्लॉट विकला तर रोजचा दंड 10 हजार, आणि तो वाढत वाढत प्लॉटच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. कमिशन दोन टक्के, दंड पाच! या धंद्यात इतका पैसा आहे असं कायदा करणाऱ्यांना सांगितलं तरी कोणी? बसलेल्यांनीच सांगितलं असणार. त्यांना स्वतःला नोंदणी लागत नाही. ते काही विकत नाहीत, बसतात.

बरं, विकायला तरी काय राहिलंय? बीडच्या एजंटांच्या दोन पिढ्या 'रेल्वे येणार' यावर जगल्या. 1995 मध्ये मंजूर झालेला मार्ग. तीस वर्षं प्रत्येक ले-आउट नियोजित स्टेशनपासून पाच मिनिटांवर होता. कुठून निघून पाच मिनिटं, हे विचारायचं नसे. आणि 17 सप्टेंबर 2025 ला गाडी खरोखरच बीडला आली. आता स्टेशन एकाच जागी आहे, आणि पाच मिनिटं घड्याळ लावून मोजता येतात. धंद्याचं एवढं नुकसान दुष्काळानेही केलं नव्हतं.

इथवर मी हसत लिहीत होतो. पण भाच्याची मोटारसायकल कशी आली ते मला ठाऊक आहे. दाजी आणि ताई वीस हंगाम कोयता घेऊन गेले. दसरा सरला की मुकादमाची उचल, गाडीत भांडी, सरपण, पोरगं, आणि उसाच्या फडाशेजारी पाल. पोराच्या हातात कोयता नको, एवढ्यासाठी शेवटच्या उचलीतून ही गाडी घेतली. उचल वाईट, ती फेडता फेडता माणूस झिजतो. पण तिथे पैसे निदान आधी येतात, काम मागून. पोराच्या नव्या धंद्यात उचल पोरानेच द्यायची. पेट्रोल त्याचं, चहा त्याचा, कार्डं त्याची, आणि हॉल भाड्याने घेऊन 'सहा महिन्यांत करोडपती' शिकवणाऱ्या कोटवाल्याची फीसुद्धा त्याचीच. त्या कोटवाल्याने आयुष्यात एक गुंठा विकलेला नाही, तो खुर्च्या विकतो. आणि ज्याचं घर कमिशनवर चालायचं त्याला तेराव्या खेपेनंतर मालक आणि पार्टी परस्पर भेटून "तुमचं बघू" म्हणतात. अरे, काय बघू? मुलीच्या लग्नात मांडवाला लाख घालता, वास्तुशांतीला गाव जेवू घालता, आणि पायपीट करणाऱ्या पोराचे 3 हजार कापताना घरचेच होता? मजुराने अंगमेहनत केली की त्याला हजेरी असते. या पोरांना हजेरीही नाही. सकाळी इस्त्री करून निघतात म्हणून आई-बापाला वाटतं, साहेब झाला.

असो. भाचा काल पुन्हा आला. चेहरा उजळलेला. पाडळसिंगीकडची जमीन आहे, मालक तयार, पार्टी संभाजीनगरची, शनिवारी दुपारी बैठक.

"मामा, तुम्ही पण चला."

"मी? मला त्यातलं काय कळतं?"

"काही कळायचं नाही. तुम्ही नुसते बसा. आपल्या घरातलं कुणीतरी बसलेलं पाहिजे."

शर्ट इस्त्रीला टाकलाय.